बर्फ फोडायला वीजच हवी

जून २००२. ‘माग्दालेना ओल्डेनडॉर्फ’ हे मालवाहू जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकलं. रशियन शास्त्रज्ञांना घेऊन ते परतीला लागलं होतं. त्याआधी याच जहाजानं भारतीय मोहिमाही नेल्या होत्या. त्याचं अंग बर्फाळ समुद्रासाठी मजबूत केलेलं होतं. पण बर्फाचा मार सोसणं वेगळं आणि बर्फ फोडून वाट काढणं वेगळं. दक्षिण आफ्रिकेच्या ‘अगुल्हास’ जहाजावरच्या हेलिकॉप्टरांनी बहुतेक माणसांना सोडवलं. अडकलेल्या जहाजापर्यंत ऐन हिवाळ्यात बर्फ तुडवत पोहोचलं ते अर्जेंटिनाचं ‘आल्मिरान्ते इरिसार’, फिनलंडमध्ये बांधलेलं डिझेल-इलेक्ट्रिक आइसब्रेकर. माग्दालेनाला बाहेर आणणं त्यालाही जमलं नाही. तिला सुरक्षित जागी ठेवून हिवाळा सरण्याची वाट पाहावी लागली. समुद्रावरचा बर्फ किती चिवट असतो, हे त्या हिवाळ्यानं दाखवून दिलं.

वरसाव्याच्या पुलाखालची वसईची खाडी काही गोठणार नाही. तरी समुद्राचं पाणी गोठताना काय घडतं ते समजून घ्यायला भाईंदरची मिठागरं कामी येतात. मिठागरात ऊन पाणी नेतं आणि मीठ मागं ठेवतं. ध्रुवाजवळ थंडी पाणी आणि मीठ असंच वेगळं करते: उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास बर्फाचे स्फटिक बनू लागतात आणि ते मिठाला आपल्यात घेत नाहीत, बाहेर ढकलतात. थोडं खारं पाणी मात्र बारीक कप्प्यांत अडकून राहतं. म्हणून एका हिवाळ्यातला नवा बर्फ तुलनेनं मऊ असतो. एक-दोन उन्हाळे गेले की ते खारं पाणी झिरपून जातं आणि बर्फ कठीण होतो. असा जुना बर्फ समोर आला की अनुभवी कप्तानही जहाज वळवून दुसरी वाट शोधतो.

बर्फ दाबून चिरडणं फार अवघड, वाकवून मोडणं त्या मानानं सोपं. आइसब्रेकरची सारी घडण या एका गुणावर बेतलेली आहे. त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिरकी आणि गोलसर असते. जहाज बर्फावर चढतं, त्याच्या वजनानं थर खाली वाकतो आणि तुटतो. जाड थर एका फेरीत मोडला नाही तर मागं यायचं आणि पुन्हा जोरानं चढायचं. कित्येकदा तासन्‌तास हेच चालतं.

खरी परीक्षा असते ती पाण्याखालच्या पंख्याची. तुटलेले बर्फाचे मोठाले तुकडे त्याच्या पात्यांवर आदळतात आणि पंखा क्षणभर थबकतो. पंखा थेट डिझेल इंजिनाला जोडलेला असेल, तर त्याच्याबरोबर इंजिनही बंद पडू शकतं, कारण कमी फेऱ्यांवर डिझेल इंजिनात जोर उरत नाही. विजेच्या मोटरचं उलट आहे. ती थांबलेली असतानाही पूर्ण ताकदीनं पिळू शकते आणि पंख्यात रुतलेला तुकडा फोडून पुन्हा फिरू लागते. म्हणून या जहाजांत डिझेल इंजिनं फक्त जनित्रं फिरवतात आणि पंखा मोटर फिरवते. कल्याणच्या शेडमधली रेल्वेची डिझेल इंजिनंही याच तत्त्वावर चालतात. उलट दिशा घ्यायची तर इंजिनाला हातही लावावा लागत नाही. अनेक जनित्रांपैकी लागतील तेवढीच चालवता येतात. प्रयोगशाळांना, शीतगृहांना, हीटरना वीज त्याच यंत्रणेतून मिळते. या मार्गात साधारण दहावा हिस्सा ऊर्जा वाया जाते. तरीही बर्फात हा सौदा परवडतो.

स्वीडनच्या ‘यमेर’ या आइसब्रेकरनं १९३३मध्ये हा मार्ग दाखवला. पुढचं मोठं पाऊल फिनलंडचं. तिथल्या अभियंत्यांनी मोटरच जहाजाच्या बुडाखालच्या, चहूबाजूंना फिरणाऱ्या कुपीत बसवली. १९९०मध्ये ‘सेइली’ या जहाजावर तिची पहिली चाचणी झाली. या कुपीला अझिपॉड म्हणतात. तिच्यामुळे सुकाणू लागतच नाही आणि जहाज मागच्या बाजूनंही बर्फ फोडत जाऊ शकतं. पंख्याचा झोत बर्फाखालचं पाणी खेचून घेतो आणि घर्षण कमी करतो. चीनचं २०१९चं ‘श्वेलोंग-२’ दीड मीटर जाडीचा बर्फ नाळेनंही फोडतं आणि मागूनही.

आणि आपण? ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम निघाली, ती नॉर्वेच्या ‘पोलारसर्कल’ जहाजावरून. दोन वर्षांनी नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत अंटार्क्टिकाला गेल्या, त्या मोहिमेचं ‘फिनपोलारिस’ जहाज फिनलंडचं. त्यानंतर ‘मैत्री’ (१९८९) आणि ‘भारती’ (२०१२) ही संशोधन केंद्रं उभी राहिली, वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र नावारूपाला आलं. पण जहाज अजून भाड्याचंच. आपलं ‘सागर निधी’ हे संशोधन जहाज दक्षिण महासागरात ६६ अंश अक्षांशापर्यंत जाऊन आलं आहे. घट्ट गोठलेला समुद्र फोडणं मात्र त्याचं काम नव्हे. २०१४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सुमारे १,०५१ कोटी रुपये मंजूर केले होते. ते जहाज झालं नाही. जून २०२५मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सनं नॉर्वेच्या कोंग्सबर्गशी अशा जहाजाच्या आराखड्यासाठी सामंजस्य करार केला.

आराखडा कागदावर असतानाच एक आग्रह धरायला हवा. खर्च वाचवण्यासाठी नुसतं मजबूत अंगाचं जहाज बांधू नये. स्वतः बर्फ फोडणारं, डिझेल-इलेक्ट्रिक आइसब्रेकरच बांधावं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर विज्ञान करणाऱ्या आपल्या संशोधकांचा तो हक्क आहे.