सुट्टी सगळ्यांची, तिचीही

मे महिना लागला की रत्नागिरीतली घरं चाकरमान्यांनी भरतात. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून येणंही सोपं झालं. मुलं १९१०चा थिबा राजवाडा बघून येतात, मांडवीला भेळ खातात. घरची बाई मात्र आंबापोळीची ताटं उन्हात ठेव, फणसाचे गरे काढ, दहा माणसांच्या पोळ्या लाट, यातच! मुंबईची जाऊ म्हणते, "आम्ही आरामाला आलो." तिचंही खरंच म्हणा, वर्षभर लोकलचे धक्के खाते बिचारी.

मैत्रिणींनो, मोठं काही ठरवू नका. एकच संध्याकाळ मागून घ्या. जावेला आणि सासूबाईंना घेऊन भाट्याच्या वाळूत नुसतं बसायचं. खिचडीचा कुकर लावतील की पुरुष! "मध्येच भूक लागली तर?" असं कुणी विचारलंच, तर सांगा, आठळ्या उकडून ठेवल्यात. सोलून खा.