जाहिरातीविना आणलेला प्राध्यापक

कॉलेजात प्राध्यापक हवा असला की वर्तमानपत्रात जाहिरात येते, अर्ज येतात, मुलाखती होतात. पण ज्या विषयाचा विभागच नाही, प्रयोगशाळा नाही, तिथे माणूस आणायचा कसा?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६२ साली असा माणूस आणला. संस्था भौतिकशास्त्र आणि गणितासाठी नावाजलेली. संचालक डॉ. होमी भाभांची रीत ठरलेली होती. आधी माणूस हेरायचा, मग त्याच्याभोवती विभाग उभारायचा. अणुभौतिकीतून जीवशास्त्राकडे वळलेले शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी त्यांना एक नाव सुचवले, ओबेद सिद्दिकी. मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलीगढला शिकलेले, ग्लासगोचे पीएच.डी. वय अवघे तीस!

सिद्दिकी तेव्हा अमेरिकेत अॅलन गॅरेन यांच्यासोबत ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकांवर काम करत होते. घरात दहा दिवे असले तरी आपण ते सगळे एकदम लावत नाही. पेशीतल्या जनुकांचेही तसेच असते. भोवती फॉस्फेट भरपूर असेल तर हा जिवाणू एक ठरावीक एन्झाइम जवळजवळ बनवतच नाही. फॉस्फेट संपत आले की भराभर बनवू लागतो. हे बटण कोण दाबते, हा त्या काळी जीवशास्त्रातला सर्वांत चर्चेचा प्रश्न होता. याच एन्झाइमच्या जनुकातला बिघाड दुसऱ्या एका जनुकामुळे कसा झाकला जातो, हे गॅरेन आणि सिद्दिकी यांनी दाखवले.

अशी भरात आलेली प्रयोगशाळा सोडून, जिथे जीवशास्त्राची सुरुवातच आपल्यापासून होणार त्या जागी जायचे, हा निर्णय सोपा नव्हे. सिद्दिकी आले आणि त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला.

भाभा १९६६ मध्ये विमान अपघातात गेले, तरी विभाग टिकला. जिवाणूंचे जाणकार म्हणून आणलेल्या सिद्दिकींनी १९७० च्या दशकात चक्क फळमाशी हाती घेतली. एरवी अशा वेळी नेमणुकीचा कागद पुढे केला जातो. इथे मात्र मोकळीक मिळाली. सीमोर बेंझर यांच्यासोबत त्यांनी अशा माश्या अभ्यासल्या, ज्या तापमान वाढताच लुळ्या पडतात आणि गारवा मिळताच पुन्हा चालू लागतात.

केनियात जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या घरातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज तेव्हा डब्लिनला शिकत होत्या. सिद्दिकींचे शोधनिबंध वाचून त्यांनी थेट मुंबई गाठली आणि माशीला चव व वास कसा कळतो, यावर पीएच.डी. केली. पुढे त्या याच संस्थेत प्राध्यापक झाल्या.