‘लव्ह’ला लॅटिनमध्ये काय म्हणायचं?

‘लव्ह’ला लॅटिनमध्ये काय म्हणतात, असं विचारलं की ‘अमोर’ हे उत्तर तयार असतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. इंग्रजीत आई, बायको, देव आणि आंबा, सगळ्यांसाठी एकच ‘लव्ह’ चालतो. लॅटिनमध्ये आधी प्रेम कोणत्या जातीचं ते ठरवावं लागतं. ‘अमोर’ म्हणजे ओढ, जीव जडणं; त्याचं क्रियापद ‘अमारे’. ‘दिलिगेरे’ या क्रियापदाच्या पोटात वेगळं काढून निवडणं आहे, म्हणजे ते पारखून केलेलं प्रेम. ‘कारितास’ आलं ‘कारुस’वरून, कारुस म्हणजे प्रिय आणि महागसुद्धा. मोलातून माया उगवावी, याचं आपल्याला नवल वाटू नये. मूळची हाव असलेला ‘लोभ’ आपणही पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ म्हणून मागतोच की.

हा फरक कोशापुरता नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, 21व्या अध्यायात, येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? मूळ ग्रीकमध्ये दोनदा एक क्रियापद आहे, तिसऱ्या खेपेला दुसरं. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमच्या पाठात दोनदा ‘दिलिगिस’ (‘दिलिगेरे’चं रूप) आणि मग ‘अमास’ (‘अमारे’चं) येतं. पेत्र मात्र तिन्ही वेळा ‘अमो’ म्हणतो. प्रश्नच शेवटी उत्तराच्या शब्दापाशी येऊन थांबतो. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये इथे सगळीकडे ‘लव्ह’, त्यामुळे ही हालचाल दिसतच नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात लॅटिनमध्ये ‘कारितास’ आहे. इंग्रजी अनुवादक टिंडलने 1526 मध्ये तिथे ‘लव्ह’ घातलं, तेव्हा कॅथलिक विद्वान थॉमस मोरने कडाडून आक्षेप घेतला. 1611च्या पंडितांनी पुन्हा ‘चॅरिटी’ आणलं, आणि आज त्या शब्दाला निव्वळ दानधर्म उरला आहे.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस काढणं झालं. खुद्द लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या धर्मपंडित ऑगस्टिनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथात हे शब्द धर्मग्रंथात समानार्थी असल्याचं दाखवलंय. खरं आहे. पण काही लोक ते वेगळे मानतात, हेही तो तिथेच नोंदवतो. फरक कोणाला जाणवतच नसता, तर तो खोडून काढायची गरज पडली नसती. शिवाय त्याच्या साडेचारशे वर्षं आधी रोमन वक्ता सिसेरो एका शिफारसपत्रात लिहितो की, या माणसावर माझं ‘दिलिगेरे’च नाही, ‘अमारे’सुद्धा आहे. म्हणजे ‘अमोर’ला नुसती वासना समजणंही चूक. तेव्हा अंगठीवर लॅटिन प्रेम कोरून घेणार असाल, तर सोनाराकडे जाण्याआधी कोणतं प्रेम ते ठरवा.