पऱ्हाटीची कॅलरी मोजतात कशी?



मागल्या हंगामात एकाच गावच्या दोघा शेतकऱ्यांनी आपापली पऱ्हाटी पांढऱ्या कोळशाच्या कारखान्यावर नेली. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार यांचा भुसा करून, दाबून ज्या कांड्या पाडतात तोच हा पांढरा कोळसा. शेतं शेजारशेजारची, वाण एकच. तरी एकाला भाव बरा मिळाला आणि दुसऱ्याला कमी. "तुमच्या मालाची कॅलरी कमी भरली," एवढंच उत्तर. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, काट्यावरचं वजन मला कळतं. ही कॅलरी कोणी पाहिली?"

प्रश्न रास्त आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. म्हणजे सरपण जाळायचं, त्यावर पाणी तापवायचं आणि पाणी किती अंश चढलं ते पाहायचं. पण चुलीवर हे मोजता येत नाही, कारण निम्म्याहून जास्त उष्णता धुराबरोबर आणि भांड्याच्या बाजूने निघून जाते. म्हणून प्रयोगशाळेत बंद भांडं वापरतात. त्याचं नाव बॉम्ब कॅलरीमापी. नावाने दचकू नका, त्यात स्फोट होत नाही. जाड पोलादाचा, घट्ट झाकणाचा डबा असतो इतकंच.

पऱ्हाटीची बारीक पूड करून सुमारे एक ग्रॅमची गोळी दाबतात. ती डब्यात ठेवून आत दाबाने प्राणवायू भरतात, म्हणजे माल पूर्ण जळतो, कोळसा उरत नाही. डबा मोजलेल्या पाण्यात बुडवतात आणि विजेच्या बारीक तारेने गोळी पेटवतात. पाणी ढवळत राहतं आणि अंशाचा शंभरावा भागही दाखवणाऱ्या तापमापीवर पारा किती चढला ते टिपतात.

हिशेब साधा आहे. समजा पाणी 2000 ग्रॅम आहे. डबा आणि भांडंही तापतं, त्याची उष्णता 400 ग्रॅम पाण्याइतकी धरली. पाणी 1.6 अंश चढलं. 2400 गुणिले 1.6 म्हणजे 3840 कॅलरी, एका ग्रॅमच्या. म्हणजे किलोला 3840 किलोकॅलरी. हे 400 मनाने धरत नाहीत. ज्याची उष्णता आधीच पक्की ठाऊक आहे असं बेंझोइक आम्ल त्याच यंत्रात जाळून ते काढतात. वाळलेल्या पऱ्हाटीचा आकडा साधारण चार हजारांच्या आसपास येतो. गोवरीत राख फार, म्हणून ती खाली राहते. रॉकेल दहा हजारांच्या वर जातं.

मग त्या शेतकऱ्याची कॅलरी कमी का भरली? त्याने पऱ्हाटी चिमट्याने उपटली होती, मुळांना काळी माती तशीच होती, आणि माल अजून ओला होता. माती जळत नाही. पाणी तर उलटं खातं. किलोभर पऱ्हाटीत 300 ग्रॅम पाणी असेल, तर जळणारा माल 700 ग्रॅमच. 3840 चे झाले 2688. शिवाय त्या पाण्याची वाफ करायला चुलीत किंवा भट्टीत आणखी 180 च्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात. तेव्हा ही कपात मला तरी खोटी वाटली नाही.

पण कागदावर दुसरी गोष्ट सापडली. कॅलरीचा आकडा ओल्या मालाचा होता, भाव त्यावरच लावलेला होता, आणि ओलावा म्हणून वजनातूनही पुन्हा वजावट केली होती! एकाच पाण्याचे पैसे दोनदा कापले. हिशेब परत मांडून दाखवला तेव्हा दुसरी कपात मागे घेतली गेली. म्हणून विचारायचंच, "हा आकडा वाळलेल्या मालाचा की आणला तसा?" आणला तसा असेल, तर वजनात ओलावा कापू देऊ नका. वाळलेल्या मालाचा असेल, तर वजनातली कपात बरोबर आहे.

ओलावा घरीही पाहता येतो. किलोभर तुकडे वजन करून कडक उन्हात पसरा, रोज वजन करा, वजन घटायचं थांबलं की फरक पाहा. उन्हात थोडं पाणी राहतंच, पण अंदाज येतो. मात्र वाळवायची म्हणून पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत बांधावर रचून ठेवू नका. किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते.

नमुना देताना ढिगाच्या वरून, मधून, तळातून, जाड-बारीक दोन्ही काड्या घ्या. लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा, नाहीतर वाटेतच ओलावा उडतो. पिशव्या दोन करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या, आणि एक आपल्याकडे ठेवा.