वेस्टाच्या पाषाणांचा नकाशा

पुण्यात जंगली महाराज रस्त्यालगत पाताळेश्वराचे प्राचीन लेणे आहे. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी शिल्पकारांनी ते अखंड कातळातून कोरून काढले. हा कातळ काळवत्री पाषाणाचा, म्हणजेच शास्त्रज्ञांच्या भाषेत बेसॉल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला तप्त लाव्हारस थिजून महाराष्ट्राचा हा पाषाण तयार झाला. याच जातीचा, परंतु याहून कितीतरी पुरातन पाषाण वेस्टा नावाच्या एका लघुग्रहावर पसरलेला आहे. तेथे कोणाचे पाऊल पडलेले नाही, की तेथील चिमूटभर मातीही कोणत्या यानाने आणलेली नाही. मग तेथील दगड कोणता, हे कळले कसे?

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान असंख्य लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. त्यांपैकी वेस्टाचा शोध जर्मन ज्योतिर्विद ओल्बर्स यांनी २९ मार्च १८०७ रोजी लावला. त्याचा सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर आहे. पुण्याहून हैदराबाद सरळ रेषेत जेवढे दूर, त्याहून थोडाच अधिक!

सराफ कसोटीवर सोन्याची रेघ ओढून त्याचा कस पारखतो. खनिजाची पारख प्रकाशावरून करता येते. सूर्यप्रकाश खडकावर पडला, की त्यातील काही किरण खडक शोषून घेतो आणि उरलेले परत फेकतो. कोणते किरण शोषले जातील, हे त्यातील खनिजांवर अवलंबून असते. बेसॉल्टमधील पायरोक्झीन या खनिजात लोह असते. त्यामुळे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातील दोन ठरावीक भाग शोषून घेते. परत आलेल्या प्रकाशाचा वर्णपट काढला, की त्या दोन जागी खळगे दिसतात. पायरोक्झीनमध्ये लोह व कॅल्शियम किती, यानुसार हे खळगे किंचित इकडे-तिकडे सरकतात. एवढ्याशा फरकावरून खडकाची जात ओळखता येते. १९७० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून वेस्टाचा असा वर्णपट घेतला, तेव्हा तो युक्राइट नावाच्या अशनींच्या वर्णपटाशी जुळला.

अशनी म्हणजे आकाशातून पृथ्वीवर पडलेला दगड. असाच एक दगड २९ जून १८४३ रोजी खानदेशातील मानेगाव येथे पडला. तो डायोजेनाइट या जातीचा असून या जातीचे अशनी मुख्यतः पायरोक्झीनचेच बनलेले असतात. युक्राइट हा वेस्टाच्या पृष्ठाजवळ थिजलेला लाव्हा, तर डायोजेनाइट हा खोलवर सावकाश निवलेला खडक, असे अनुमान शास्त्रज्ञांनी केले. ते खरे असेल, तर खानदेशात पडलेला तो दगड वेस्टाच्या पोटातला ठरतो. परंतु दुर्बिणीला वेस्टा एखाद्या ठिपक्याहून फारसा मोठा दिसत नाही. अनुमानाची परीक्षा घ्यायची, तर जवळ जाणेच भाग होते.

त्यासाठी अमेरिकेने २७ सप्टेंबर २००७ रोजी ‘डॉन’ हे यान सोडले. डॉन म्हणजे पहाट. जुलै २०११ मध्ये ते वेस्टाभोवती फिरू लागले. यानावर जर्मनीचे छायाचित्रक होते आणि इटलीचा वर्णपटमापकही होता. वेस्टा ५ तास २० मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, तर यान त्याच्या ध्रुवांवरून जात असे. त्यामुळे खालून नवा नवा प्रदेश सरकत येई. वर्णपटमापक पृष्ठभागाची एकेक पट्टी टिपे आणि त्या पट्टीतील प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र वर्णपट नोंदवी. पट्ट्या शेजारी शेजारी जुळवून खनिजांचा नकाशा तयार झाला.

दक्षिण ध्रुवाजवळ रियासिल्व्हिया हे सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे प्रचंड विवर आहे. त्याच्या मध्यावरील शिखर सुमारे २० किलोमीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या बारापट! ज्या आघाताने हे विवर खणले गेले, त्यानेच खोलवरचा खडक उघडा पडला असला पाहिजे. आणि नकाशात डायोजेनाइटच्या खुणा मुख्यतः तेथेच आढळल्या. विषुववृत्ताच्या आसपास मात्र युक्राइट आणि दोहोंचे मिश्रण आढळले. चाळीस वर्षांपूर्वीच्या अनुमानाला असा भक्कम आधार मिळाला.

एका बाबतीत मात्र अपेक्षा फसली. एवढ्या खोल विवरात कवचाखालच्या थरातील ऑलिव्हिन हे हिरवट खनिज विपुल सापडेल, असे अनेकांना वाटत होते. तेथे ते सापडले नाही. यान पोहोचले तेव्हा वेस्टाचा उत्तर ध्रुवप्रदेश अंधारात होता. पुढे ऋतू पालटून तेथे ऊन आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ऑलिव्हिनच्या ठळक खुणा मिळाल्या त्या उत्तर गोलार्धातील बेलिसिया आणि अरुंशिया या विवरांपाशी! ते वेस्टाच्याच पोटातून वर आले, की बाहेरून आदळलेल्या एखाद्या लघुग्रहाने आणून टाकले, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. डॉन यान सप्टेंबर २०१२ मध्येच वेस्टाचा निरोप घेऊन सीरिसकडे निघून गेले होते.