पात्याचं पाणी

दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं साखरपट्ट्याकडे निघतात. परळी तालुक्यातलं धर्मापुरी याच टापूतलं. मूर्तिकलेच्या अभ्यासकांना ते केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे ठाऊक असतं. बाकीच्यांसाठी हा सगळा ऊसतोडीचा मुलूख. इथे मुकादमाची उचल ठरते ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनामागे २७३ रुपयांचे ३६६ झाले. मजुरी टनावर असली की बोथट पातं किती महागात पडतं ते त्याच संध्याकाळी कळतं.

म्हणून रानात वापरायची, न मिटणारी सुरी ज्याला घ्यायची आहे त्याने ऑनलाइन दुकान उघडण्याआधी कोयता नीट पाहावा, असं मला वाटतं. ट्रेकला जाणारी मुलं पोलादांचे आकडे पाढ्यांसारखे म्हणून दाखवतात. त्या आकड्यांतून अर्धीच गोष्ट कळते.

चांगला कोयता बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडतो. हे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं किंवा क्रोम-व्हॅनेडियमचं, कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. घिसाड्यांच्या पालावर सांडशी पुरुषाच्या हातात आणि घण पुष्कळदा बाईच्या. शहरातल्या गिऱ्हाइकाला याचं नवल वाटतं, तिला वाटत नाही. पातं ओढून झालं की पाणी द्यायचं. धारेकडचा भाग चुंबक चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवून बुडवला की पोलाद कडक होतं आणि ठिसूळही. मग लोहार पाठीत राहिलेली धग धारेकडे सरकू देतो. घासून उजळलेल्या पात्यावर आधी गव्हाळ पिवळा रंग येतो, मागून जांभळा, मग निळा. पिवळा सुमारे २३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. नेमक्या कुठल्या रंगाला पातं पुन्हा थंड करायचं, यात त्याची सगळी विद्या. पिवळ्यावर थांबवलं तर धार टिकते, पण खड्याला लागली की टवका उडतो. निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर धार लवकर बसते, पण तुटण्याऐवजी वळते, आणि कानस फिरवली की फडातच पुन्हा लागते.

उसाला हे दुसरं पाणी मानवतं. ऊस जमिनीलगतच तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते आणि खोडवाही तिथूनच चांगला फुटतो. म्हणजे पातं दिवसभर माती-खड्यांना टेकणार. तिथे अतिकडक पोलाद घेऊन गेलेला माणूस दुपारपर्यंत करवत घेऊन परतेल.

आता स्वीडनमधलं मोरा पाहू. तिथल्या एस्टनोर खेड्यात फ्रॉस्ट एरिक एरसन यांनी १८९१ मध्ये कारखाना काढला. आजची मोराकनीव कंपनी त्याच परंपरेतली. तिची ‘कम्पॅनियन’ ही सुरी ऑनलाइन मिळते. पातं १० सेंटिमीटरहून किंचित लांब, जाडी अडीच मिलिमीटर. स्टेनलेस प्रकारातल्या १२सी२७ पोलादात कार्बन ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्के. कार्बन जवळपास कमानपाट्याएवढाच! तरी हिचा कडकपणा रॉकवेल मापाने ५६ ते ५८, आणि गाडीखालचा पाटा ४५ च्या आगेमागे. क्रोमियम गंजाला रोखतं खरं, पण धारेतला हा फरक मुख्यतः पाण्याचा. हे स्टेनलेस हजाराहून जास्त अंशांवर मोजून तापवावं लागतं, गावच्या भट्टीत ते साधत नाही. बाजारात ‘४४०’चा ठसा मारलेल्या बेनावाच्या सुऱ्यांचे ढीग असतात, ठसा खरा मानला तरी पाणी कच्चं असेल तर त्याचा काय उपयोग? पोलादाच्या नावाबरोबर कडकपणाचा आकडाही छापणारा कारखानदार मला जास्त भरवशाचा वाटतो.

मोराच्या सुरीची शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत शिरणारा भाग, मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, यावर हौशी मंडळी फार वाद घालतात. कोयत्याची शेपटीही लाकडी मुठीत ठोकलेलीच असते, वरून लोखंडी कडं. खरी नजर हवी ती पातं आणि शेपटी जिथे मिळतात त्या कोपऱ्याकडे. तो काटकोनात कापलेला असेल तर तडा तिथूनच जातो, गोलाई असेल तर जोर वाटला जातो. दुकानात पातं डोळ्यासमोर धरून पाठ सरळ आहे का पाहावं, मूठ ओल्या हाताने धरून पाहावी. टोकाकडे करवती दात आणि मुठीत होकायंत्र असलेली सुरी परत ठेवावी.

कायद्याचंही भान हवं. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं येतात; घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. फडातला कोयता या सवलतीत बसतो, दुचाकीवर नाचवलेला बसत नाही. पुण्यातल्या कोयताधारी टोळ्यांमुळे २०२३ च्या सुरुवातीला तिथे कोयता विकत घेणाऱ्याचं आधार कार्ड पाहण्यापर्यंत गोष्ट गेली. राबणाऱ्याच्या हत्याराची अशी बदनामी व्हावी, हे मला लागलं.

माझी निवड विचाराल तर फांद्या-झुडपं तोडायला घिसाड्याकडचा कोयता, आणि दोरी, फळं, लाकडाच्या सालपटांसाठी १० सेंटिमीटरची पातळ सुरी. दोन्ही मिळूनही भल्याथोरल्या परदेशी ‘सर्व्हायव्हल’ सुरीपेक्षा स्वस्तात पडतात, आणि ती सुरी तोडायला हलकी, सोलायला जाड. पावसाळ्यात मराठवाड्यातही साधं कार्बन पोलाद रात्रीत तांबूस होतं, तेव्हा काम झालं की पुसून तेलाचं बोट फिरवावं. चामड्याच्या म्यानात घालून मात्र महिनोन्‌महिने ठेवू नये; चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पातं आतल्या आत खाल्लं जातं.