रानडुकराचे शरीर आणि शिकाऱ्याचा नेम

रानडुकराच्या देहाचे बरेचसे वजन पुढच्या भागात असते. डोके लांबट आणि पाचरीसारखे, मान अशी की ती आहे की नाही असे वाटावे, खांदे उंच आणि मागचा भाग उतरता. भारतीय रानडुकराच्या पाठीवर राठ केसांची आयाळ असते, युरोपातल्या भाईबंदापेक्षा दाट. हा प्राणी खवळला की आयाळ उभी राहते आणि नर आहे त्याहून बराच उंच दिसतो. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साधारण नव्वद सेंटिमीटर भरतो आणि वजनाने शंभर किलोच्या पुढे सहज जातो. तोंडात 44 दात असतात. खालचे सुळे आयुष्यभर वाढतात आणि वरच्या आखूड, वळलेल्या सुळ्यांवर घासून त्यांना धार येत राहते. त्यांचा वार खालून वर येतो, म्हणून माणसाच्या मांडीला किंवा पोटाला जखम होते.

शिकारीत चुका होतात त्या या बाह्यरूपामुळे. आयाळ धरून उंची मोजली की शरीराचा मध्य खरा असतो त्याहून वर वाटतो. खांद्याशी मणक्यांचे वरचे काटे लांब असतात आणि मणका स्वतः बराच खाली गेलेला असतो. पाठीच्या रेषेलगत टाकलेला बार केस, चरबी आणि फार तर एखाद्या काट्याचे टोक घेऊन निघून जातो. डुक्कर क्षणभर कोसळते, शिकारी खूश होतो, आणि ते उठून पळते.

हृदय छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, पुढच्या दोन पायांच्या मधे, उरोस्थीला जवळजवळ टेकून असते. फुफ्फुसे त्याच्या वर आणि थोडी मागे असतात. तीही पुढेच आटोपतात. सांबर-चितळावर हात बसलेला माणूस सवयीने खांद्यामागे नेम धरतो. डुकराच्या बाबतीत तोच नेम जरा मागे गेला की गोळी यकृतात नाहीतर पोटात शिरते. प्राणी मरतो, पण तासांनी आणि दूर जाळीत. अशा वेळी रक्ताचा माग मिळेलच असे नाही. चरबी आणि दाट केस जखमेचे तोंड बुजवतात. म्हणून डुक्कर आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या रेषेतून वर येऊन, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेम धरावा हा जाणकारांचा नियम. गोळी फऱ्यातून गेली तर हाड मोडते आणि हृदय किंवा फुफ्फुसाचा पुढचा भागही सापडतो. जनावर तिरके, पाठमोरे उभे असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे रेषा धरावी लागते. मचाणावरून बार असेल तर गोळी उतरत जाते. ती वरच्या बाजूने शिरून पलीकडच्या कोपराकडे निघाली पाहिजे.

वयात आलेल्या नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर कातड्याखाली चिवट तंतूंची ढाल असते, दोन-तीन सेंटिमीटर जाडीची. माजाच्या काळात नर एकमेकांना सुळ्यांनी भिडतात, तिथे ती कामी येते. छऱ्याची बंदूक लांबून वापरली तर मोठे छरेही या ढालीत अडकू शकतात. डोक्यावरचा बार तर जुगारच. मेंदू लहान असतो, मागे असतो, आणि कपाळाचे हाड पोकळ्यांचे व उतरते असते. समोरून लागलेली गोळी तिथेच वाया जाऊ शकते. बाजूने, कानाच्या मुळाशी, अगदी जवळून आणि स्थिर जनावरावरच तो घ्यावा.

इंग्रजी अमलात घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारण्याचा खेळ दख्खनेत जोरात होता. खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स आउट्रम त्यात नावाजलेला होता. मुंबई इलाख्याचा भाला लांब, खालून चालवायचा. बंगालचा आखूड, बुडाशी शिशाने जड केलेला आणि वरून खुपसायचा. ढालीवर भाला निसटतो, हे या मंडळींना चांगलेच ठाऊक होते.

आजचा प्रश्न खेळाचा नाही, पिकाचा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आले. पिकाचे वा जीविताचे नुकसान होत असेल तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी लेखी कारणांसह मारण्याची परवानगी देऊ शकतो. बंदुकीला शस्त्र परवाना वेगळा लागतो. परवानगीने मारलेले डुक्करही कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता असते. मांस वाटून घेण्याची गावाकडची रीत त्यात बसत नाही. फासे, वाघूर आणि कणकेत गुंडाळलेले गावठी बॉम्ब सरळ गुन्हा आहेत, आणि बॉम्बने जबडा उडालेले जनावर उपाशी मरते.

मोरिवलीसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण येते. अंबरनाथलगतच्या या गावाचे नाव आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. पूर्वेला बदलापूरच्या पुढे बारवी धरणाचे रान, दुसऱ्या अंगाला मलंगगडाचे डोंगर, आणि मधे कारखाने, चाळी व लोहमार्ग. डुक्कर रात्री खाचरात उतरते, भात पोटरीवर आले की जास्तच. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरभर सहज जाते, म्हणून मागे मातीचा बांध किंवा डोंगर नसेल तिथे बारच करू नये. सपाट भातखाचरात मचाणाचा खरा फायदा हाच, की गोळी जमिनीत शिरते. वस्तीच्या काठावर तर सौरकुंपण किंवा चर अधिक शहाणपणाचा.

बार लागल्यावर लगेच मागे धावू नये. जखमी नर जाळीत शिरून वाट अडवतो आणि जवळ येऊ देऊन हल्ला करतो. अर्धा तास थांबून, उजेडात, बंदूक भरलेली ठेवून, दोघांनी माग काढावा. पडलेल्या डुकराजवळ पाठीकडून जाऊन लांब काठीने डोळ्याला स्पर्श करावा. पापणी हलली तर ते जिवंत आहे आणि कानामागे दुसरा बार लागतो. मग वनखात्याला कळवून पंचनामा होईपर्यंत जनावर जागचे हलवायचे नाही.